शिशाचं ओझं

बाळकुमला राहून खाडी रोज पाहतो, म्हणून पाणी आपल्या ओळखीचं आहे असं वाटत होतं. सहा वर्षांनी मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, नातवासोबत स्कूबाची बुडी घेतली आणि भ्रम फिटला. कधी तळाला टेकत होतो, कधी फुग्यासारखा वर निघत होतो. भीतीपोटी कमरेला जादा शिसं बांधलं होतं. ते तोलायला जाकिटात जादा हवा भरली. जुनं कर्ज फेडायला नवं काढणारे खातेदार मी बँकेत पुष्कळ पाहिले होते!

दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट होतो, जाकिटातली हवा निम्मी आकसते. वर येताना तीच फुगून माणसाला ओढून नेते. अशा वेळी श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकतं.

शिकवणाऱ्या तरुणाने दोन किलो शिसं काढलं. म्हणाला, "काका, हात मारू नका. सावकाश श्वास घ्या, सोडा. पाणी जरा उशिरा उत्तर देतं."

चौथ्या खेपेला मी अधांतरी स्थिरावलो. नातू हसत होता.

मुलासुनेच्या संसारातही मी असेच हात मारत असतो. तिथलंही थोडं शिसं आता उतरवायला हवं.