बदनाम विषाणू, नेक काम

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यातून शरीरात साचणारे लोह काढायला औषधे वेगळी. अशी लेकरे आणि त्यांचे थकलेले आई-वडील आपल्या नात्यागोत्यातही असतील. त्यांच्यासाठी शास्त्रज्ञांनी एक नवल घडवले आहे, तेही एड्सच्या विषाणूला हाताशी धरून!

विषाणूला स्वतःहून वाढता येत नाही. तो पेशीत शिरतो, आपली जनुके तिच्या हवाली करतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो. शास्त्रज्ञांनी त्याची शिरण्याची कला ठेवली आणि खोड मोडली. एचआयव्हीमधील रोग पसरवणारी जनुके काढून टाकली व हिमोग्लोबिन बनवणारे निरोगी जनुक त्यात भरले. हा विषाणू जनुक पोहोचवतो, पण वाढू शकत नाही.

रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांत हे जनुक सोडतात. मग केमोथेरपीने अस्थिमज्जेत जागा करून त्या पेशी परत देतात. पेशी त्याच्याच, म्हणून जुळणारा दाता शोधावा लागत नाही. 2007 मध्ये पॅरिसमध्ये 18 वर्षांच्या एका तरुणावर हा उपचार झाला. सुमारे वर्षभराने त्याचे रक्त चढवणे थांबले. 2022 मध्ये अमेरिकेने अशा उपचाराला मान्यता दिली.

वाट निर्धोक नव्हती. त्याआधी पॅरिसमध्येच प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांना दुसऱ्या जातीच्या विषाणूतून जनुक दिले होते. ते भलत्या जागी बसल्याने काहींना रक्ताचा कर्करोग झाला. शिवाय 2022 मध्ये अमेरिकेतील या उपचाराची किंमत 28 लाख डॉलर होती, म्हणजे 20 कोटी रुपयांहून अधिक! आपल्यापैकी कोणाला परवडणार?

म्हणून आम्हाला सांगायचे आहे ते साध्या तपासणीविषयी. थॅलेसेमियाचा वाहक स्वतः ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. चुलत-मामे नात्यात निकाह झाल्यास दोघांकडे तेच बिघडलेले जनुक असण्याचा संभव वाढतो. हिमोग्लोबिन ए-टूची रक्ततपासणी मंगनीआधीच करून घ्या. यात मुलीचा वा मुलाचा काही कमीपणा नाही. दावतीचा हिशोब नंतरही करता येईल.