कपाटातील क्लिक-थ्री

मध्यमवर्गीय मराठी घरातील जुने कपाट आवरताना, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे किंवा पितळी डब्यांच्या आड, एक काळी, हलकी पेटी हाती लागण्याचा संभव अद्याप बराच आहे. तिच्यावर आग्फा हे नाव असते आणि क्लिक-थ्री ही अक्षरे. हा कॅमेरा मूळचा जर्मन. परंतु आपल्याकडे तो न्यू इंडिया इंडस्ट्रीज या बडोद्याच्या कंपनीने तयार केला, आणि बडोदे मराठी माणसाला कधीच परके नव्हते. परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध असण्याच्या त्या काळात शिक्षकाला वा कारकुनाला परवडावा असा कॅमेरा म्हणजे बहुधा हाच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान तिच्यात होते हे खरे. परंतु त्यानंतरही कित्येक दशके सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे स्टुडिओतील पडद्यापुढे श्वास रोखून उभे राहणे. मुंज, सहल, अंगणातील आजी, हे सारे घरच्याच माणसाने टिपावे, ही सोय या स्वस्त पेटीने केली.

अशी पेटी सापडताच ती उघडून पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तिच्या पाठीमागे तांबडी काच बसवलेली एक छोटी खिडकी असते. त्या खिडकीत कागद आणि त्यावरील आकडा दिसला, तर आत रोल शिल्लक आहे असे समजावे. सात-आठ छायाचित्रे घेऊन कोणी तरी थांबलेले असते; उरलेली पुढच्या सणाला घेऊ, असा त्यामागचा काटकसरी हिशेब असतो, आणि तो सण येण्यापूर्वी कॅमेरा कपाटात जातो. पेटी उजेडात उघडली की त्या घरातील न पाहिलेली चित्रे क्षणार्धात नष्ट होतात. कृष्णधवल रोल असल्यास तीस-चाळीस वर्षांनंतरही त्यावर अंधूक आकृती उमटल्याची उदाहरणे आहेत. रंगीत रोलबाबत आशा कमी. म्हणून पेटी संपूर्ण अंधारातच उघडावी, किंवा ती जाणत्याच्या हाती द्यावी. भंगारवाल्याकडे जाणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी किती जणांची ही साधी तपासणी होत असेल, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

दुरुस्ती मात्र सोपी. आत एकच भिंग, एक पातळ फिरती पट्टी आणि एक स्प्रिंग. बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. ती कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने हलकेच पुसावी. स्पिरिट वापरू नये, कारण स्वस्त कॅमेऱ्याचे भिंग प्लास्टिकचे असू शकते. पट्टी अडकत असेल तर तेल सोडण्याचा घरगुती उपाय घातक ठरतो. तेल धूळ धरते आणि वर्षभरात पट्टी पुन्हा रुतते. पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड पुरते. पेटीत कोठून उजेड शिरतो हे पाहण्यासाठी अंधाऱ्या खोलीत आत बारीक दिवा ठेवावा. फटीतून प्रकाश दिसेल तेथे काळी लोकर चिकटवावी. आणि आतील रिकामे रीळ टाकून देऊ नये, कारण नवा रोल त्याच्यावरच गुंडाळला जातो.

खरी अडचण पुढे आहे. एकशेवीस क्रमांकाचा हा रोल कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणला आणि तो आजही निघतो. परंतु येथे नव्हे. उटकमंडचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना ‘इंदू’ नावाने फिल्म विकत असे. तो बंद पडला. आता रोल अमेरिका, इंग्लंड वा चेक देशातून येतो, आणि गरिबाच्या कॅमेऱ्याचे खाद्य श्रीमंती झाले आहे. एका रोलवर बारा छायाचित्रे मिळतात. एखादे वाया गेले तरी ते खिशाला जाणवते.

म्हणून पहिला रोल कोठे घ्यावा, यालाही महत्त्व येते. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुख ओलांडल्यावर लागणारे चेणे या कामास उत्तम. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी; झाडांची गर्द सावली आणि पाण्यावरचे लखलखते ऊन थोड्या अंतरात भेटतात. क्लिक-थ्रीच्या झडपेला वेग एकच, सेकंदाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या भागाइतका. ऊन आणि ढग यांसाठी लहानमोठी दोन छिद्रे, एवढीच काय ती निवड. शंभर गतीचा रोलदेखील खाडीवरच्या उन्हात गरजेपेक्षा चार-सहापट प्रकाश घेतो. कृष्णधवल निगेटिव्ह तेवढे पचवते. चारशे गतीचा रोल उन्हासाठी घेतला तर मात्र तक्रार कॅमेऱ्याची करू नये. आजचा रोल तांबड्या प्रकाशालाही संवेदनशील असल्याने मागच्या खिडकीवर काळी पट्टी लावावी आणि आकडा पाहण्यापुरती सावलीत उचलावी. उभे राहायचे ते विषयापासून किमान दहा फुटांवर. बटण हळू दाबावे, कारण या झडपेपुढे हात हलला की चेण्याचा डोंगरही हलतो.

रस्त्यावरील मालमोटारींची रांग, नदीवरचा पूल, गावातील जुनी घरे; पुढे घोडबंदरचा किल्ला आहे, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला. तेथे पोहोचेपर्यंत खिडकीत दहाचा आकडा आलेला असतो. उरलेली दोन छायाचित्रे किल्ल्याच्या भिंतीवर खर्चावीत की परतीच्या वाटेवरील एखाद्या ओळखीच्या चेहऱ्यावर, हे ठरवण्यात बराच वेळ जातो. बारावे छायाचित्र झाले की चावी फिरवीत राहायचे. कागद संपला की हाताला ताण जाणवेनासा होतो. मग सावलीत पेटी उघडायची, रोल घट्ट धरायचा आणि त्याच्या टोकाची डिंक लावलेली कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवायची.