राष्ट्रगीतामागची गोष्ट मुलांना घरीच सांगा

आटपाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरची मुले रोज सकाळी शाळेत ताठ उभी राहून ‘जन गण मन’ म्हणतात. चाल पाठ, शब्दही पाठ. पण अर्थ विचारला, की लहानगे आईच्या तोंडाकडे बघते. गुरुजी सांगतातच, परंतु रात्रीची जेवणे झाल्यावर घरातही ही गोष्ट सांगावी.

सुरुवात ओळखीच्या नदीपासून करा. आपली माणगंगा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. गंगाही त्याच सागराला मिळते. त्या बंगालचे कवी रवींद्रनाथ टागोर यांनी हे गीत रचले. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते प्रथम गायले गेले. तेव्हा देशावर इंग्रजांचा अंमल होता आणि आटपाडी औंध संस्थानात होती. १९४८ साली हे संस्थान विलीन झाले. पुढे २४ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होण्याच्या दोनच दिवस आधी, संविधान सभेत ते राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले. मूळ पाच कडव्यांतले पहिलेच आपण म्हणतो. ‘वंदे मातरम्’लाही त्याच दिवशी तेवढाच मान मिळाला. त्याच नावाच्या १९४८ सालच्या मराठी चित्रपटाची गाणी आपल्या माडगुळ्याच्या गदिमांनी लिहिली, हेही मुलांना आवर्जून सांगा.

मूल एक अवघड प्रश्न विचारील : “गीतात सिंध आहे, मग नकाशात तो पाकिस्तानात कसा?” प्रश्न टाळू नका. १९४७ साली फाळणी झाली. लाखो माणसे घरदार, शेतीवाडी सोडून इकडे आली. पुष्कळ सिंधी कुटुंबे उल्हासनगरच्या छावण्यांत राहिली. जमीन सुटणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या लेकराला लवकर उमगते. सिंधची माणसे आणि त्यांची भाषा आपल्यातच आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो शब्द गीतात तसाच राहू दिला.

आणखी एक गोष्ट नीट समजावा. गीतातला ‘मराठा’ म्हणजे एखादी जात नव्हे. तो सारा मराठी मुलूख आहे. उत्कल म्हणजे ओडिशा, द्राविड म्हणजे दक्षिण देश, तसाच हा. मेंढरांमागे जाणाऱ्याचे पोर, ऊसतोडीला जाणाऱ्याचे पोर आणि बागाईतदाराचे पोर शाळेच्या एकाच रांगेत उभे असते. त्या शब्दात तिघांचेही नाव आहे. हे एवढे मुलाला कळले, तरी पुष्कळ झाले.