पत्री, वावडी आणि चहा

एक ‘र’ जागचा हलला आणि एका अख्ख्या सरकारचं नाव बदललं!

गोष्ट १९४३ची. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. तिथे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशा मंडळींनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून स्वतःचं सरकार चालवलं. तंटे सोडवले, बिनहुंड्याची लग्नं लावली, तुफान सेना उभारली. नाव ठेवलं प्रतिसरकार. चांगलं, पण जरा पुस्तकी.

बोलता बोलता ‘प्रति’तला ‘र’ पुढे सरकला, ‘त’ला जाऊन चिकटला. झालं पत्री! आणि पत्री शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीची. बैलाला आडवा पाडून, पाय बांधून, नालबंद त्याच्या खुरांना खिळ्यांनी ठोकतो ती लोखंडी पट्टी. मग काय, पोलिसांच्या खबऱ्यांच्या तळपायांना पत्र्या ठोकतात, ही बातमी बाजारा-बाजारातून पसरली. प्रत्यक्षात तळव्यांवर काठ्या पडत, आणि त्याही काही कमी नव्हत्या. पण नुसतं नाव ऐकूनच कित्येकांच्या पायाला कळ आली असेल.

असाच एका अक्षराचा खेळ बघायला आता थेट अमेरिकेत. तिथल्या स्त्रीवेशात मंचावर येणाऱ्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीत ‘टी’ म्हणजे आतली गोष्ट. तो ‘ट्रूथ’चा ‘टी’ असं सांगतात. सव्हाना शहरावरच्या जॉन बेरेंट यांच्या १९९४च्या पुस्तकात लेडी शाब्ली ही अशीच एक ड्रॅग कलाकार हा शब्द आपल्या खासगी भानगडींसाठी वापरते. इंटरनेटवर येईतो अक्षराचं पेय झालं होतं. २०१४मध्ये चहाचे घुटके घेत ‘मला काय त्याचं’ म्हणणाऱ्या केर्मिट या बाहुला-बेडकाचं चित्र फोनाफोनांत पोचलं, आणि आता कपाचं चित्र टाकलं की समोरचा कान टवकारतो.

प्रति काय, सत्य काय, हाताला लागत नाही. पत्री लागते, कप लागतो. कुजबुजीला अशी वस्तू मिळाली की ती सुसाट सुटते. आपल्याकडे हे जुनंच आहे: पुडी सोडतात ती कागदाची, वावडी उठवतात तो तर चक्क पतंग! (त्यांच्यासारखं गुपित फोडायला चहा सांडायचा, ही कल्पना मात्र आपल्या घरात खपणार नाही.)

१९४६मध्ये ते सरकार थांबलं. इतिहासकार आजही इमानाने ‘प्रतिसरकार’ लिहितात, आणि वाचकाला कळावं म्हणून शेजारी ‘पत्री सरकार’ही लिहितात.