सात कोटी मेंढ्यांचा देश

१९८२ साली न्यूझीलंडमध्ये माणसे होती सुमारे ३२ लाख आणि मेंढ्या ७ कोटींच्या वर. माणशी २२ मेंढ्या! त्या देशावरचे सगळे विनोद या एका आकड्यावर पोसले गेले. आज तिथे मेंढ्या अडीच कोटींहूनही कमी उरल्या आहेत आणि माणसे ५० लाखांच्या पुढे गेली आहेत. विनोद मात्र अजून तेच चालू आहेत.

बरोबर शंभर वर्षे आधी, १५ फेब्रुवारी १८८२ रोजी, ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज पोर्ट चाल्मर्स बंदरातून सुटले. त्याच्या पोटात शीतयंत्र होते आणि सुमारे ५ हजार मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मांस. ९८ दिवसांनी ते लंडनला लागले आणि माल खाण्याजोगा निघाला. तोवर मेंढी पाळायची ती लोकरीसाठी. म्हातारी झाली की चरबी वितळवून घ्यायची, उरलेल्या मांसाला फारसे कोणी विचारत नसे. या एका फेरीने मांसाला गिऱ्हाईक मिळाले आणि पुढची नव्वद वर्षे एक अख्खा देश इंग्रजांच्या रविवारच्या जेवणावर जगला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून डोंगरउतारांवर सुपर फॉस्फेट टाकायला सुरुवात झाली. जिथे माणूस पोचत नव्हता तिथे गवत पोचले आणि गवतामागून मेंढ्या. कोरियाच्या युद्धात, १९५०-५१ला, लोकरीचे भाव आभाळाला भिडले. त्या वर्षाच्या गोष्टी मेंढपाळांच्या घरांत पुढे दोन पिढ्या सांगितल्या गेल्या.

१९७३मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेला आणि हक्काचे गिऱ्हाईक हातून सुटू लागले. सरकार मदतीला धावले. खत, कर्ज, जास्त जनावरे पाळणे, सगळ्याला अनुदान मिळाले, आणि १९७८पासून तर किमान भावाची हमीही. मेंढीला बाजारात किंमत असो-नसो, सरकारदरबारी होती. साहजिकच मेंढ्या वाढल्या, नको त्या उतारावरही वाढल्या. ७ कोटींचा तो विक्रम बराचसा अनुदानाने केलेला होता, हे तो आकडा कौतुकाने सांगणारे सहसा सांगत नाहीत. मेंढ्या आणि गोमांसाच्या शेतीत जवळजवळ ४० टक्के उत्पन्न सरकारी तिजोरीतून येत होते.

१९८४मध्ये डेव्हिड लाँगी यांचे मजूर पक्षाचे सरकार आले. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी जवळपास सगळी अनुदाने एका झटक्यात बंद केली. तिथल्या डॉलरचे २० टक्के अवमूल्यन झाले होतेच, मार्च १९८५मध्ये तो बाजारावर सोडून दिला. व्याजदर २० टक्क्यांवर गेले, जमिनीचे भाव कोसळले. १९८६मध्ये शेतकरी वेलिंग्टनला संसदेवर चालून गेले. ८ हजार शेतकरी, म्हणजे दहातला एक, शेती सोडतील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात सक्तीने बाहेर पडावे लागले ते सुमारे ८००, शंभरातला एक.

आपल्याकडे अर्थकारणावर लिहिणारे हा शेवटचा आकडा फार आवडीने वापरतात. अनुदान काढा, शेतकरी आपोआप शहाणा होतो, असा त्याचा अर्थ लावतात. त्यांच्या वाचण्यातून एक गोष्ट निसटते. तिथल्या शेतकऱ्याकडे शेकडो हेक्टरांची कुरणे होती, आणि सरकारच्याच ग्रामीण बँकेने अडलेल्यांच्या कर्जाचा काही भाग सोडून दिला. दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे उदाहरण सुनावणे म्हणजे घोड्याची नाल बेडकाच्या पायाला ठोकणे.

तगलेल्यांनी काय केले, ते जास्त पाहण्यासारखे आहे. त्यांनी मेंढ्या कमी केल्या आणि उरलेल्या मेंढीकडे निरखून पाहिले. कोणती मेंढी जुळी देते, कोणाचे कोकरू लवकर भरते, कोणता मेंढा जंताला दाद देत नाही, याच्या नोंदी आल्या. पूर्वी शंभर मेंढ्यांमागे शंभराच्या आसपास कोकरे मिळत, आता सव्वाशेच्या वर मिळतात. कोकराचे मांस १४ किलोंच्या आसपास असायचे, ते १८-१९ किलोंवर गेले. म्हणून मेंढ्या ज्या मानाने घटल्या त्या मानाने मांस घटलेच नाही.

इथे आपला एक धागा आहे. सुंदरबनातली बुटकी गरोळ मेंढी हमखास जुळी-तिळी देते. १७९०च्या दशकात बंगालमधून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांचा गुण पुढे तिथल्या बुरुला मेरिनोत उतरला. न्यूझीलंडच्या इन्व्हर्मे संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या मेंढ्यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि २००१मध्ये त्या गुणामागचे जनुक ओळखले गेले. तेच जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने आपल्या दख्खनी मेंढीत आणले. ‘नारी सुवर्णा’ ती हीच. बंगालची मेंढी फलटणला पोचली, तर तिच्या गुणाचे गणित अर्धी पृथ्वी फिरून आले.

न्यूझीलंडच्या गोमांसाची हकीकत थोडक्यात. त्यातला मोठा वाटा दुधाच्या गोठ्यातून येतो. भाकड गाई, नको असलेले गोऱ्हे, त्यांचे बिनचरबीचे मांस अमेरिकेत हॅम्बर्गरमध्ये जाते. २००८च्या व्यापार करारानंतर चीनही मोठा ग्राहक झाला. दूध आणि मेंढी यांचे मात्र पटले नाही. १९९०नंतर कँटरबरी आणि साउथलंडची सपाट कुरणे पाणी आणून दुधाच्या गाईंना दिली गेली, मेंढ्या डोंगराकडे सरकल्या.

हरणांची गोष्ट तर कादंबरीच्या योग्यतेची. मुळात त्या देशात हरणेच नव्हती. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी इंग्रजांनी तांबडी हरणे नेऊन सोडली. वाघ नाही, लांडगा नाही. इतकी माजली की जंगल खाऊन डोंगर उघडे पडू लागले आणि १९३०पासून त्यांना मारायला सरकारने पगारी शिकारी नेमले. १९६०च्या दशकात हेलिकॉप्टरमधून शिकार सुरू झाली. वानाकाच्या टिम वॉलिस यांच्यासारख्यांनी मेलेले हरीण जर्मनीला विकता येते हे दाखवले. मग कुणाच्या तरी लक्षात आले की जिवंत हरीण जास्त मोलाचे. १९६९मध्ये कायद्याने हरीणपालनाला परवानगी मिळाली. हेलिकॉप्टरमधून जाळे फेकायचे, नाही तर सरळ पळत्या हरणाच्या अंगावर उडी टाकायची, असे उद्योग चालले. कितीतरी माणसे त्यात मेली. कालपर्यंतची कीड आज कुंपणात आली, तीही दोन मीटर उंच जाळीच्या.

२००५च्या सुमारास पाळीव हरणे १७ लाखांवर गेली होती, आज ७ लाखांच्या घरात आहेत. हे मांस मुख्यतः युरोपातल्या हॉटेलांचे, तेही शिकारीच्या हंगामात. म्हणून करोनात हॉटेले बंद पडताच भाव पडले. मोठा आधार उरला तो मखमली शिंगांचा. कोवळी, अजून हाड न झालेली ही शिंगे भूल देऊन कापतात आणि ती औषध म्हणून कोरिया-चीनला जातात. दोनच गिऱ्हाइकांवर उभा धंदा किती निश्चिंत असतो, हे या देशाला ब्रिटनने एकदा शिकवले होते. धडा पाठ झालेला दिसत नाही.

नव्या काळाचे संकट झाडांच्या रूपात आले. कार्बन-बाजारात पाइनचे रान लावले की पैसे मिळतात, आणि मेंढ्यांची डोंगराळ कुरणे विकत घेऊन झाडे लावणे मेंढ्या राखण्यापेक्षा किफायतशीर ठरले. फेब्रुवारी २०२३च्या गॅब्रिएल चक्रीवादळात पूर्व किनाऱ्यावर लाकूडतोडीचा कचरा नद्यांतून वाहत येऊन पुलांवर आदळला, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. दुसरीकडे देशाच्या हरितगृह वायूंपैकी निम्मे शेतीतून येतात. त्यावर कर बसवायचा विचार २००३मध्ये निघाला, तेव्हा एक खासदार ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला. २०२२मध्ये पुन्हा निघाला, पुन्हा गुंडाळला गेला. पुढाऱ्यांनी वीस वर्षे वाद घातला, तोवर इन्व्हर्मेत कमी मिथेन सोडणारे मेंढे निवडून तयार झाले. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातले हेच काम टिकणारे.

आणि लोकर? जिच्यासाठी मेंढी त्या देशात आली, त्या लोकरीतली जाड लोकर गेल्या काही वर्षांत ओझे झाली. नायलॉनच्या गालिच्यांनी तिचा भाव इतका पाडला की कातरणीची मजुरीही सुटेना. बारीक मेरिनोला मान आहे, पण ती थोड्यांकडे. काहींनी तर आपोआप केस गाळणाऱ्या विल्टशायर मेंढ्या आणल्या, म्हणजे कात्रीच नको. आपल्याकडे माण-खटावच्या धनगराला हे नवे नाही. दख्खनी लोकर कातरून बांधावर टाकून देताना त्यानेही पाहिली आहे, आणि घोंगडी विणणारे सनगर किती उरले तेही त्याला ठाऊक आहे.

२०२३मध्ये न्यूझीलंडच्या शिक्षण खात्याने लहान शाळांसाठी नायलॉनचे गालिचे घ्यायचे ठरवले, तेव्हा मेंढपाळ संतापले. १ जुलै २०२५पासून तिथे नियम झाला आहे : सरकारी इमारतीत गालिचा घालायचा तर शक्य तिथे तो लोकरीचा हवा.