हरळीची पन्नास वर्षं

१९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि सिडकोतल्या नव्या घरांपुढे लॉन करायची हौस औरंगाबादकरांना सुचू लागली. तेव्हा गवताचं बी विकत आणायची पद्धत नव्हती. शेताच्या बांधावरून हरळी उपटून आणायची, गाठीगाठीने कांड्या तोडायच्या आणि पाऊस लागला की वितीच्या अंतरावर खोचायच्या. शेतकरी जिला कुळवून, वेचून, उन्हात वाळवून मारतो, तीच इथे लाडाची झाली.

पुढे नर्सऱ्यांत सिलेक्शन वन, मेक्सिकन, कोरियन अशी नावं ऐकू येऊ लागली. बारीक पातं, पायाला गादी. ‘याचं बी द्या’ म्हटलं तर माळी हसायचा आणि गवताच्या चकत्या मोजून द्यायचा. त्याचं बरोबरच होतं. गोल्फच्या मैदानांवर गाजलेली टिफवे ही हरळीची जात अमेरिकेतल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी आपोआप झालेल्या संकरातून निवडली, ती १९६० मध्ये बाजारात आली. तिला रुजणारं बी धरतच नाही. अशा जाती मुळं-कांड्यांवरच वाढवाव्या लागतात. चकतीबरोबर मातीतून लव्हाळाही फुकट येतो, तो भाग वेगळा.

खरी परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यात झाली. जायकवाडीचा नाथसागर मृतसाठ्यावर होता. मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, तर औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांचं पाणी कापलं. जिथे नळाला रोज पाणी येत नव्हतं तिथे लॉनवर पाइप धरणं शेजाऱ्यांना दिसायचं. त्या उन्हाळ्यात नाजूक गवतं जळाली ती जळालीच. हरळीही वाळून कडबा झाली, पण मृगाच्या सरींनी जमिनीतल्या कांड्यांतून परत फुटली.

आता ऑनलाइन पाकिटांवर केंटकी ब्लूग्रास, रायग्रास अशी नावं आणि गर्द हिरवे फोटो असतात. ती थंड हवेची गवतं. डिसेंबरात छान दिसतील, एप्रिलच्या चाळिशीत तग धरणार नाहीत. इथे बीच पेरायचं तर हरळीचंच, आणि ऊन पुरेसं असेल तरच. झाडाच्या सावलीत ती विरळ होते. बी अगदी बारीक असतं, म्हणून वाळूत मिसळून जूनच्या अखेरीस फेकावं, वर मातीचा नुसता हात फिरवावा. खोल गेलं तर उगवत नाही. मुसळधार पाऊस अंगावर असेल तर दोन दिवस थांबावं, नाहीतर सगळं बी वाहून फाटकापाशी उगवतं.