कोरड्या दिवसांतलं पाणी

डेल्फ्टच्या दिवसांबद्दल कुणी विचारलं, की मी हटकून एकच आठवडा सांगते: मार्च 2023, सहा ते बारा तारीख. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ शिकले, फिरले. पण वर्गातलं सकाळचं टिपण दोन-तीन दिवसांत बाहेर, वाऱ्यापावसात, डोळ्यांसमोर उभं राहावं, असं त्याच आठवड्यात घडलं. पुराचा अभ्यास करायला सांगलीहून नेदरलँड्सला गेलेल्या मुलीला आणखी काय हवं होतं?

आमची संस्था आयएचई डेल्फ्ट. 1957 पासून ती परदेशी अभियंत्यांना पाण्याचं शास्त्र शिकवते आहे. वर्गात इथिओपिया, सुदान, कोलंबिया, इंडोनेशिया असा सगळा गोतावळा. माझ्या शेजारी बसायची ती बांगलादेशातल्या बारिसालची. बहुतेकांच्या गावाला एक नदी होती आणि त्या नदीबद्दल एक न विसरता येणारी तारीख.

सोमवारचा तास व्हॅन डान्टझिग या गणितज्ञाच्या हिशेबावर होता. 1953च्या पुरानंतर डच सरकारने त्यांना विचारलं, बांध नेमका किती उंच बांधायचा? उंची वाढवली की खर्च वाढतो, कमी ठेवली की बुडण्याची शक्यता वाढते. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती उंची योग्य. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी आधी मान्य करावं लागतं की बांध कधीतरी फुटणार आहे. मध्य हॉलंडच्या किनाऱ्यासाठी पुढे जे प्रमाण ठरलं, ते दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याचं. आपल्याकडे निळी पूररेषा 25 वर्षांची आणि लाल 100 वर्षांची. सरांनी प्रत्येकाला आपल्या गावातले मोठे पूर विचारले. मी 2005, 2019, 2021 अशी सालं सांगितली. त्यांनी ती फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, ‘यांतला कितवा पूर शंभर वर्षांतला?’

तेवढ्यात बारा वाजले आणि भोंगा झाला. पोटात गोळा आला. सर शांतपणे म्हणाले, महिन्याचा पहिला सोमवार आहे, चाचणी आहे. देशभर दर महिन्याला असाच भोंगा वाजतो, दीडेक मिनिट. बाहेर आभाळ कोरं होतं, लोक सायकलवरून जेवायला निघाले होते, कुणी मान वर करून पाहिलंही नाही. त्यांच्या त्या न पाहण्याचा मला हेवा वाटला. आम्हाला इशारा मिळतो तो पाणी उंबऱ्याशी आल्यावर, पोलिसांच्या गाडीवरच्या कर्ण्यातून. त्याआधी दिवसभर एकच विचारणा चालू असते, ‘आयर्विनला किती झालं?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट चढलं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. 2019च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा विचारायला कुणाच्या फोनला चार्जिंगही उरलं नव्हतं.

त्या दिवशी घरी होळी होती. आईने व्हिडिओवर पुरणपोळ्या दाखवल्या. मंगळवार-बुधवार आकडेमोडीत गेले.

येता-जाता मात्र एक गोष्ट नजरेत भरत होती. पंधरा मार्चला निवडणूक होती आणि चौकाचौकांत प्रचाराचे फलक लागले होते. त्यांतले काही पाणीमंडळाच्या निवडणुकीचे! नेदरलँड्समध्ये 21 पाणीमंडळं आहेत. बांध, कालवे, पंप, सांडपाणी ही त्यांची कामं. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. डेल्फ्टचं मंडळ डेलफ्लांड, त्याचा इतिहास 1289 पर्यंत मागे जातो. त्याची जुनी वास्तू गावातल्या कालव्यावरच उभी आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत राजचिन्हं मिरवत. रोज तिच्यासमोरून सायकल हाकताना मनात यायचं, देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हापासून ही माणसं पाण्यासाठी वर्गणी काढत आहेत आणि त्यावरून भांडत आहेत. मला त्या भांडणाचं मोल फार वाटतं. जिथे पाण्यावर कोरड्या दिवसांत भांडण होतं, तिथे पावसाळ्यात एकमेकांवर बोट दाखवायची वेळ कमी येते. आमच्याकडे कोयना आणि अलमट्टी धरणांच्या विसर्गाचे वाद जुलैत पेटतात आणि गणपती उठेपर्यंत विझतात.

गुरुवारी सहल झीलंडला, 1953च्या पुराने बुडवलेल्या प्रांतात. 31 जानेवारी 1953च्या शनिवारी रात्री वायव्येकडून वादळ आलं, त्यात मोठी भरती. रेडिओ मध्यरात्रीनंतर बंद असायचा, फोनच्या तारा तुटल्या, झोपलेली गावं झोपेतच बुडाली. रविवारी दुपारी दुसरी भरती आली आणि रात्रभर छपरांवर तग धरलेल्यांपैकी अनेकांना घेऊन गेली. एकट्या नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली. बांध कमकुवत आहेत हे योहान व्हॅन व्हेन नावाचा सरकारी अभियंता आधीपासून सांगत होता. लिहिताना त्याने ‘कॅसॅन्ड्रा’ हे टोपणनाव घेतलं होतं: खरं भाकीत करणारी, पण जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही अशी ग्रीक पुराणातली बाई.

औवरकेर्क गावात या पुराचं संग्रहालय आहे, तेही पुराच्याच वास्तूत. शेवटचं भगदाड नोव्हेंबर 1953 मध्ये चार अजस्र काँक्रीटच्या पेट्या बुडवून बुजवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतं बंदर उभारायला केलेल्या पेट्यांच्या जातीच्या त्या. आता त्या पेट्यांच्या पोटातच आपण फिरतो. एका पेटीत अंधार आहे आणि जमिनीवर वाळू. त्या वाळूवर उजेडाने एकेक नाव उमटतं आणि विरून जातं. नाव, मग पुढचं नाव. आडनाव तेच, पुन्हा तेच, पुन्हा तेच, म्हणजे अख्खं घर. बारिसालची मैत्रीण तिथे बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘आमच्या 1970च्या वादळात तीन लाखांवर माणसं गेली म्हणतात. नावं लिहायला घेतली तर किती वाळू लागेल?’

तिथून ऑस्टरस्खेल्डच्या अडसराकडे. ही खाडी आधी कायमची बंद करायची ठरली होती. शिंपले आणि कालवं पिकवणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी यांनी ते अडवलं. सत्तरच्या दशकात सरकारने योजना बदलली: एरवी उघडी दारं, वादळात बंद. खर्च वाढला, वर्षं वाढली, 1986 मध्ये 62 पोलादी दारांचा अडसर उभा राहिला. खांबांच्या मधून भरतीचं पाणी घुमत आत येत होतं, पायाखालचा सांगाडा थरथरत होता. पुरापासून जपायचं म्हणून मच्छीमाराचं पोट मारायचं नाही, हा विचार इतक्या टनांच्या काँक्रीटमध्ये ओतलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

शनिवारी ती मैत्रीण आणि मी आगगाडीने न्यूवरकेर्कला गेलो. या गावाजवळ देशातला सर्वांत खोल बिंदू आहे, समुद्रसपाटीच्या 6.76 मीटर खाली. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवर चढलं तरी डोकं जेमतेम समुद्राच्या पातळीला. 1953च्या त्या पहाटे इथला नदीबांध खचत होता. तो गेला असता तर दक्षिण हॉलंडमधली लाखो माणसं पाण्यात होती. तेव्हा आरी एव्हेग्रून या नावाड्याने नगराध्यक्षांच्या हुकमावरून आपलं मालवाहू गलबत भगदाडात आडवं घातलं. पाण्याच्या रेट्याने ते दारासारखं बांधाला चिकटून बसलं आणि बांध टिकला. बांधात बोट घालून बसलेल्या डच मुलाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, ती एका अमेरिकन लेखिकेने 1865 मध्ये पसरवली. ही गोष्ट मात्र खरी आणि ती मी शाळेतल्या पोरांना आवर्जून सांगते.

बांधावर चालताना मैत्रिणीने तिच्या गावाकडच्या स्वयंसेवकांचं सांगितलं. वादळाचा इशारा आला की ते झेंडे लावतात, कर्णे घेऊन वस्तीवस्तीत सायकलवर फिरतात, म्हाताऱ्यांना हाताला धरून निवाऱ्यात नेतात. ‘यांच्याकडे 62 दारं आहेत, आमच्याकडे माणसं आहेत,’ ती म्हणाली. बांगलादेशात वादळातले मृत्यू गेल्या अर्धशतकात कितीतरी पटींनी खाली आले, त्यात या सायकलींचा वाटा मोठा आहे. त्या दिवसापासून पैसा नाही म्हणून काही करता येत नाही, हे वाक्य मला पटेनासं झालं.

रविवारी नायमेखन. 1993 आणि 1995 मध्ये नद्या फुगल्या. दुसऱ्या वेळी अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर देशाने बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा द्यायचं ठरवलं. नायमेखनसमोरच्या लेंट गावात बांध 350 मीटर मागे सरकवला, वाल नदीला शेजारून दुसरं पात्र खोदलं आणि त्यासाठी पन्नासेक घरं गेली. लोक चिडले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या, मोबदले ठरले. आता तिथे बेट आहे, पूल आहे, रविवारची गर्दी आहे. मी नकाशा काढून सांगलीचा विचार करत बसले. निळ्या रेषेच्या आत बांधलेली घरं, भराव टाकून बुजवलेले नाले, आणि पलीकडे नृसिंहवाडी, जिथे पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडलं की स्नानाला गर्दी लोटते. पाणी चढणं हा ज्यांचा सोहळा आहे, त्या माणसांना नदीची जागा नव्याने समजवायची गरज नसावी. बांधकामाला परवानगी देणाऱ्यांना आहे.

पुढच्या सोमवारी सत्राच्या निबंधाचे विषय द्यायचे होते. मी ‘सांगलीतल्या पूरखुणा’ हा विषय घेतला. गावभागात जुन्या घरांच्या भिंतींवर 2005चं पाणी कुठवर आलं त्याच्या रेघा आहेत, 2019च्या त्यांच्याहून वर. दिवाळीच्या रंगरंगोटीत त्या दर वर्षी काही घरांतून पुसल्या जातात. आता परत येऊन अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवते, तर उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना टेप आणि वही घेऊन गल्लीगल्लीत नेते. मुलं रेघ मोजतात, घरमालकाला साल विचारतात, उंची आयर्विनच्या फुटांशी ताडून लिहितात. घरातली माणसं आधी चहा करतात आणि मग म्हणतात, ‘आत्ता कशाला? पूर आल्यावर या की.’ मुलं चहा घेतात आणि पुढच्या दाराची कडी वाजवतात.